लातूर भागात मांजराचं ग्रूमिंग नीट करून देणारं कोणी आहे का? (पर्शियन, केसांच्या जटा झाल्यात) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लातूरची. आमच्याकडे कापशी नावाची पांढरी पर्शियन मांजरी आहे, वय आठ वर्षं. मूळची माझ्या पुतणीची. ती नोकरीला पुण्यात गेली आणि तिच्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर कापशी आमच्याकडे राहायला आली. आता तिचा घरभर एवढा लळा लागलाय की पुतणीने परत मागितली तरी मुलगी देईल असं वाटत नाही.

अडचण केसांची आहे. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला जटा झाल्यात. पाठीवरून कंगवा फिरवला की वरचे केस मोकळे दिसतात, पण बोटं आत घातली की खाली घोंगडीसारखा घट्ट थर लागतो. पोटाला हात लावला की गुरगुरते, चावायला येते. एरवी मांडीवर येऊन झोपणारं जनावर आहे, त्यामुळे तिला तिथे दुखत असणार हे कळतं आणि जीव तुटतो.

इथल्या एका दुकानात चौकशी केली. तिथे कुत्र्यांचं सगळं करतात. मांजर म्हटल्यावर म्हणाले, "गुंगीचं इंजेक्शन देऊन करून टाकू, तासाभरात घेऊन जा." डॉक्टर असतात का विचारलं, तर "आमचा पोरगा देतो, त्याला सवय आहे." मी तिला घेऊन तशीच परत आले. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं की आधी चांगली आंघोळ घालू, जटा मऊ पडतील, मग विंचरू. पुतणी म्हणते पुण्याला आण. पण तीनशेच्या वर किलोमीटरचा प्रवास, या उन्हात, आणि ही गाडीत बसल्यापासून तोंड उघडं टाकून धापा टाकते.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, सगळी भादरून टाका, उन्हाळ्यात गार वाटेल. सासरे गावाकडून बैलांच्या गोचिडाचं औषध घेऊन आलेत, कारण हिला पिसवाही दिसल्या. ते मी अजून लावलेलं नाही.

पाण्याचाही प्रश्न आहेच. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, वापरायला बोअरचं, त्याचा साबणाला फेससुद्धा येत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही रांगेत उभे होतो. तेव्हापासून बादलीभर पाणी ओतायचं म्हटलं तरी हात थांबतो. तिच्यासाठी ओतेन, पण त्याचा उपयोग होणार असेल तर.

तर लातूर, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड या पट्ट्यात मांजराची माहिती असलेलं कोणी आहे का? गुंगी देऊन करणं योग्य आहे का? आणि पूर्ण केस काढावेत की नाही?

मांजरवेडी, संभाजीनगर

ताई, सगळ्यात आधी एक सांगते. जटा असताना तिला भिजवू नका, कोणालाही भिजवू देऊ नका. पाणी लागलं की जट आवळते. वाळताना कातडीला आणखी ओढ बसते आणि आत ओल राहून जखम चिघळते. आधी गुंता काढायचा, मगच पाणी. ज्यांनी तुम्हाला आंघोळीने मऊ पडेल असं सांगितलं त्यांना लांब केसांच्या मांजराची माहिती नाही.

दुसरं, कात्री नको. मांजराची कातडी फार पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडी तिच्यासोबत वर उचलली जाते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली, ते कळत नाही. कात्रीने फाटलेल्या मांजराला टाके घालताना मी पाहिलंय. ट्रिमर वापरायचा, तोही बारीक दातांच्या ब्लेडचा, कातडी एका हाताने ताणून धरून. मध्येमध्ये ब्लेड हाताला लावून बघायचं, कारण ते तापतं आणि चटका बसतो.

लहान गाठी असतील तर घरी सुटतात. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. स्टीलचा, विरळ दातांचा कंगवा घ्या. वरवर ब्रश फिरवून पर्शियनचे केस विंचरले जात नाहीत, कंगवा कातडीपर्यंत पोचायला हवा. पण तुम्ही लिहिलंय तसा सलग थर झाला असेल तर विंचरण्याच्या नादी लागू नका. तो काढावाच लागेल. दुखवून दुखवून विंचरलं तर ती पुढे कधीच कंगवा जवळ येऊ देणार नाही.

पूर्ण भादरण्याबद्दल: गार वाटावं म्हणून करायची गरज नाही, त्यांचे केस उन्हापासूनही राखण करतात. पण जटांमुळे काढावे लागले तर काढायचे, सगळा घोटा न करता बोटाच्या पेरापेक्षा कमी का होईना, थोडे केस ठेवून. नंतर तिला गच्चीवर सोडू नका. पांढऱ्या मांजराला ऊन लवकर बाधतं, विशेषतः कानांच्या टोकांना आणि नाकाला, आणि वर्षानुवर्षं ऊन लागून तिथे कॅन्सरही होतो.

गावाकडचा, परळी

ताई, ते गोचिडाचं औषध आधी कपाटातून बाहेर काढा अन् सासऱ्यांना परत द्या. आमच्याकडं म्हशीला, बैलाला तेच मारायलेत, त्यात सायपरमेथ्रिन नाहीतर डेल्टामेथ्रिन असतंय. जनावराला चालतंय, मांजराला चालत नाही. आमच्या गल्लीत एकानं कुत्र्याची पिसवाची पावडर मांजराला लावली, ती पर्मेथ्रिनची होती, म्हणजे त्याच जातीच्या विषाची. संध्याकाळपर्यंत मांजर थरथर कापायलं, मग झटके. वाचलं नाही. चुकून अंगाला लागलंच तर कोमट पाण्यानं भांडी घासायचा साबण लावून धुवायचं अन् तसंच डॉक्टरकडं पळायचं, उद्यावर टाकायचं नाही.

एक वाचक

मांजराला आंघोळ लागतच नाही. ते स्वतःच चाटून स्वच्छ राहतं. उगाच खर्च.

मांजरवेडी, संभाजीनगर

साध्या गावठी, आखूड केसांच्या मांजराबद्दल तुमचं खरं आहे, त्याला आयुष्यात आंघोळ नाही घातली तरी चालतं. पर्शियन माणसाने निवडून निवडून तयार केलेली जात आहे. एवढे लांब, मऊ केस तिची जीभ विंचरू शकत नाही, आणि चपट्या तोंडामुळे चाटताही नीट येत नाही. तिला रोज कंगवा आणि महिना-दीड महिन्यातून आंघोळ लागते. ही हौस नाही, तिचं पथ्य आहे.

उदगीरकर

मी पशुवैद्यक आहे, उदगीरच्या कॉलेजातच शिकलो, सध्या सरकारी दवाखान्यात आहे. वरचे दोन्ही सल्ले बरोबर आहेत, त्यात थोडी भर घालतो.

दुकानातून परत आलात ते फार चांगलं केलंत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणालाही असे उपचार करता येत नाहीत, आणि भूल देणं हा उपचारच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पर्शियन मांजराला अंदाजाने इंजेक्शन देणं धोक्याचं आहे. चपट्या नाकामुळे त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. वजन करून डोस काढावा लागतो, पोट रिकामं लागतं, आणि गुंगीत असताना श्वास, हिरड्यांचा रंग, अंगाचं तापमान बघायला कोणीतरी शेजारी उभं लागतं. मांजराचं अंग १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, गुंगीत ते झपाट्याने उतरतं. "तासाभरात घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे हे सगळं होत नाही.

म्हणजे गुंगी वाईट असं नाही. एवढ्या जटा असलेल्या, दुखऱ्या मांजराला जागेपणी धरून ठेवून ट्रिमर चालवण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीत गुंगी देणं जास्त दयाळूपणाचं आहे. पुष्कळदा घरून निघण्याआधी गॅबापेंटिन (मांजराला शांत करणारं औषध) देऊनही भागतं, पण डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. माणसांच्या मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका. आणि पॅरासिटामॉल कधीही नाही. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते मोडून बाहेर टाकायची क्षमता त्यांच्या यकृतात फार कमी असते.

आता मला पडलेला प्रश्न. आठ वर्षांची मांजरी आहे, पुतणीकडे असताना केस ठीक होते का? मांजर अचानक स्वतःला चाटायचं सोडतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी दुखणं असतं. दात किडलेले, सांधे आखडलेले, वजन वाढलेलं, किंवा मूत्रपिंडाचं. पर्शियन जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. पाणी जास्त पिते का? वजन उतरलंय का? कातडीवर कुठे केस गेलेले गोल चट्टे आहेत का?

धागाकर्ती

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून बारकाईने बघितलं आणि पुतणीलाही फोन केला. तिच्याकडे असताना ती रोज विंचरायची, त्यामुळे जटा नव्हत्या. पाणी जास्त पिते की नाही सांगता येत नाही, उन्हाळ्यामुळे वाटी दोनदा भरावी लागते. वजन मात्र उतरलंय, पाठीचे मणके हाताला लागतात. केसांमुळे दिसत नव्हतं.

आणि डाव्या कानाच्या मागे केस गेलेला एक चट्टा आहे, कोंडा सुटल्यासारखा. माझ्या मुलीच्या मनगटावर गोल लाल चट्टा आलाय, आम्ही घामोळं समजून पावडर लावत होतो. याचा संबंध असू शकतो का?

उदगीरकर

असू शकतो. मांजराची बुरशी, म्हणजे आपण दाद किंवा गजकर्ण म्हणतो ते, माणसाला लागते, लहान मुलांना लवकर. पर्शियनमध्ये हे नेहमी दिसतं. घाबरण्यासारखं नाही, बरं होतं, पण वेळ लागतो. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात मांजर आहे हे त्यांना आवर्जून सांगा. स्टेरॉइड मिसळलेलं मलम मेडिकलमधून आणून लावू नका, त्याने वरून बरं दिसतं आणि आत पसरतं.

त्यामुळे आता ग्रूमिंगवाल्याचा शोध थांबवा. दाद असलेलं मांजर पार्लरमध्ये नेलं तर तिथल्या कंगव्यातून, ट्रिमरमधून दुसऱ्या मांजरांना लागेल. आधी तपासणी. उदगीरला आमच्या विद्यापीठाचं पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, लातूरहून साठ-पासष्ट किलोमीटर. तिथल्या दवाखान्यात कुत्री-मांजरंही बघतात. परभणीलाही असंच कॉलेज आहे, पण तुम्हाला उदगीर जवळ. आधी फोन करून जा आणि "मांजर आहे, पर्शियन, जटा काढायच्या आहेत, गुंगी लागू शकते, आधी रक्त तपासायचंय" असं स्पष्ट सांगा. मूत्रपिंड नीट चालतंय का हे कळायला रक्तात क्रिएटिनिन बघतील, केसांचा नमुना घेतील, निळसर दिव्याखाली चट्टा बघतील. बुरशी असेल तर काही वेळा केस हिरवट चमकतात. नाही चमकले तरी बुरशी नाही असं होत नाही, म्हणून नमुना द्याच.

जाईपर्यंत चट्ट्यावर खोबरेल, हळद, कडुनिंब, डेटॉल काही लावू नका. एक तर नमुना बिघडतो, आणि ती चाटून सगळं पोटात घेणार. डेटॉल, फिनेल ही मांजराला विषच आहेत, तिचा वावर असलेली फरशीसुद्धा फिनेलने पुसत असाल तर बंद करा. तिची गादी, चादर वेगळी धुवा. गळलेल्या केसांवर बुरशी कित्येक महिने जिवंत राहते, म्हणून झाडू मारून केस उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने गोळा करा.

मांजरवेडी, संभाजीनगर

पुढे डॉक्टरांनी आंघोळीला हो म्हटलं की पाण्याचं सांगते. मांजराला दोन बादल्यांच्या वर लागत नाही. एका टबात चार बोटं कोमट पाणी, मगाने हळूहळू, तोंडावर अजिबात नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. शाम्पू मांजराचाच. आपल्या शाम्पूने तिची कातडी कोरडी पडते, बाळाचा म्हणून विकतात त्यानेही. बोअरचं पाणी सुरुवातीला चालेल, पण शेवटचं पाणी नळाचं साठवलेलं घ्या, नाहीतर साबण केसांत राहतो आणि ती तो चाटते. आरओ मशीनमधून बाजूला पडणारं पाणी अनेकजण वापरायला घेतात, ते मात्र नको, क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

वाळवायला जुने टॉवेल. ड्रायर लावलात तर कमी गरम, लांबून. बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून वाळवतात, ते पर्शियनला करू देऊ नका, चपट्या तोंडाच्या मांजराला त्यात उष्माघात होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोचिडाचं औषध सासऱ्यांना परत दिलं. कारण सांगितल्यावर तेच म्हणाले की घरात ठेवूच नको. फिनेल बंद केलंय. मुलीला उद्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेते, आणि उदगीरला फोन झालाय. सकाळी लवकर, उपाशीपोटी आणा म्हणालेत, पाणी चालेल.

आता एकच अडलंय. पुतणीने दिलेली टोपली समोरून उघडते आणि कापशीला त्यातून बाहेर ओढावं लागतं, पोट दुखत असताना ते नको वाटतं. वरून उघडणारी मांजराची टोपली लातूरमध्ये कोणाकडे आहे का, एका दिवसासाठी? परत देताना नीट धुऊन, उन्हात वाळवून देईन.

औसा रोड

आमच्याकडे आहे, पण दाद असेल तर परत नको, तुम्हीच ठेवा. आमची मांजर गेल्यावर्षी गेली, तशीच पडून आहे. आत जुना टॉवेल घाला आणि वरून सुती ओढणी टाका, म्हणजे बाहेरचं दिसत नाही आणि धापा कमी टाकते. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय, संध्याकाळी सातनंतर कधीही या.