गणिती पद्धतीने विचार करणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न
माझी मुलगी आठवीत आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे ती भराभर आणि बिनचूक सोडवते, परंतु रीत न सांगता एखादा प्रश्न समोर ठेवला, की "हे कोणत्या प्रकरणातले?" असे विचारून थांबते. तिला गणिती विचाराची सवय लावावी, असे शिक्षकांनी पालकसभेत सुचवले. ही सवय म्हणजे काय, आणि गणिताची पदवी नसलेल्या पालकाने ती घरी कशी लावावी?

प्रतिसाद १ (निवृत्त गणित शिक्षक)
देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या ६१७४ या संख्येपासून सुरुवात करा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४; त्यापुढे उत्तर बदलतच नाही. कोठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत येथेच पोहोचता. मुले चकित होतात आणि बहुतेक वर्गांत विषय तेथेच मिटतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण खरे गणित तेथून पुढे आहे. अंक तीन असते तर? दोन असते तर? तीन अंकांत सगळ्या वाटा ४९५ वर येतात. दोन अंकांत मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. यातले काहीही मुलीला आधी सांगू नका. अट बदलून पाहण्याचे तिला आपणहून सुचले पाहिजे.

प्रतिसाद २
वरील सूचना उत्तम आहे, पण नुसते करून पाहणे पुरेसे नाही. न² + न + ४१ या राशीत न साठी ० ते ३९ यांपैकी कोणतीही संख्या घातली तर मूळ संख्याच मिळते, आणि ४० घालताच ४१ × ४१ = १६८१ येते. चाळीस वेळा खरे ठरलेलेही कोसळू शकते, म्हणून "नेहमी असेच का घडते?" हा प्रश्न टाळता येत नाही.

तीन अंकांच्या बाबतीत त्याचे उत्तर आठवीच्या मुलीच्या आवाक्यात आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क मानले, तर वजाबाकी ९९ × (अ − क) येते आणि मधला अंक ब हिशेबातून निघूनच जातो. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ०९९, १९८, २९७ अशी केवळ नऊच उत्तरे शक्य उरतात. ती नऊ तपासली, की शेकडो संख्यांविषयीचे विधान सिद्ध झाले! ब निघून जाताना मुलीला दिसणे, हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

प्रतिसाद ३
सरावाला मात्र कमी लेखू नये. वजाबाकी करतानाच जीव मेटाकुटीला येत असेल, तर आकृतिबंध दिसणार कोठून? कापरेकरांनी आयुष्यभर शाळेत शिकवले आणि फावल्या वेळात अखंड आकडेमोड करून हे शोध लावले. १९७५ साली गणितातील कोडी लोकप्रिय करणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यानंतर जगभर त्यांचे नाव झाले.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. तीन अंकांची सिद्धता तिला पटली आणि आता चार अंकांचे कोडे कसे सोडवायचे, असे ती विचारते आहे. त्यात तर हजारो संख्या आहेत.

प्रतिसाद १ (निवृत्त गणित शिक्षक)
तिला अ, ब, क, ड घेऊन तीच मांडणी करायला सांगा. वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) अशी येईल, म्हणजे सगळे या दोन फरकांवरच ठरते, आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या ५४ होतात. त्या ५४ का, हे आधी तिला शोधू द्या; मग कागद घेऊन एकेक तपासायला बसा.