मंडळाचा हिशेब विचारल्यावर माझ्याच नावाची चर्चा सुरू झाली आहे. अशा वेळी ख्रिस्ती स्त्रीने काय करावे?

प्रश्न : कोल्हापूरची एक भगिनी

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम. मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करते. अविवाहित आहे, वडील हयात नाहीत, घरी आई आणि शिकणारा धाकटा भाऊ आहे. या वर्षी आमच्या मंडळीतील (चर्चमधील) महिला मंडळाने माझी खजिनदार म्हणून निवड केली. जुने दप्तर ताब्यात घेताना असे दिसले की, मागच्या कापणीच्या सणाला मंडळीत अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावाची जी रक्कम पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून निघते, तेवढी बँकेत भरलेली नाही, आणि त्या काळातील खर्चाची व्हाउचरेही दप्तरात नाहीत. मी आधीच्या खजिनदारबाईंच्या घरी जाऊन त्यांना एकांतात विचारले. त्या वयाने मोठ्या आहेत आणि मंडळीत त्यांना मान आहे. त्यांनी विषय टाळला, म्हणून बैठकीत मी एवढेच म्हटले की, मागील शिल्लक कागदोपत्री निश्चित झाल्याशिवाय मला वहीवर सही करता येणार नाही. कोणावर आरोप केला नाही आणि कोणाचे नावही घेतले नाही.

त्यानंतर चर्चा सुरू झाली ती हिशेबाची नव्हे, माझी. मार्चअखेरीस कामावरून निघायला उशीर होतो आणि वेळेवर बस मिळत नाही, तेव्हा विभागातील एक विवाहित सहकारी मला दुचाकीवरून शाहू नाक्यापर्यंत सोडतात. ही गोष्ट त्यांच्या पत्नीला आणि माझ्या आईला पहिल्यापासून माहीत आहे. आता तीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली जाते. आपला समाज किती लहान आहे हे आपण जाणता; कोल्हापुरात निघालेले बोलणे कोडोली, मिरज, सांगली, इस्लामपूर येथील नातेवाइकांच्या कानी पोहोचायला फार दिवस लागत नाहीत. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाकडूनही चौकशी झाली.

आई रडून म्हणते, "बाईच्या जातीनं आधी नाव जपावं, हिशेबाचं पंच बघून घेतील." (पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे.) मंडळीतील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, ही गोष्ट बाहेर गेली तर इतर समाजापुढे प्रभूच्या नावाला कमीपणा येईल, म्हणून मी गप्प राहावे. चांगले नाव विपुल धनाहून पसंत करावे असे नीतिसूत्रे 22:1 मध्ये सांगितले आहे, हे मला मान्य आहे. पण जे नाव राखण्यासाठी मला खोट्या शिलकेवर सही करावी लागेल, ते चांगले नाव म्हणायचे का? कृपया शास्त्राला धरून आणि स्पष्ट सांगावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

प्रिय मुली, सही करू नकोस. हे आधी सांगते, कारण बाकीचे सारे बोलणे त्यानंतरचे आहे.

तुझ्या आईची भीती मला समजते. विधवा बाईने मुलगी वाढवली की तिच्याकडे लोकांची नजर दुप्पट कडक असते, आणि ती नजर तिने आयुष्यभर सोसलेली असणार. तिच्याशी वाद घालू नकोस. मात्र तिच्या सांगण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या तू मनात वेगळ्या कर. लोक आपल्याविषयी काय म्हणतात ती एक गोष्ट, आणि देवापुढे आपण कशा आहोत ती दुसरी. बहुतेक वेळा या दोन्ही बरोबरीने चालतात, आणि नीतिसूत्रातील वचन त्याच चांगल्या काळाविषयी बोलते. परंतु कधी कधी त्यांची फारकत होते. उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात योसेफाने आपला धनी पोटीफर याच्या पत्नीला नकार दिला, त्याचे चारित्र्य शाबूत राहिले आणि नाव मात्र गेले. तो तुरुंगात पडला. पुढे तो मिसर देशाचा अधिकारी झाला, पण पोटीफराच्या घरी जाऊन कोणी त्याचे निर्दोषत्व जाहीर केले, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. ही गोष्ट मी रुग्णालयात नव्याने आलेल्या मुलींना मुद्दाम सांगत असे, कारण खरे वागले की लोक लगेच चांगले म्हणतात अशी समजूत घेऊन त्या येत, आणि पहिल्या अफवेला खचून जात.

तरीही गप्प राहणे हाच एक मार्ग आहे असे मी म्हणणार नाही. शिलोच्या मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, तिचे ओठ तेवढे हलत होते, आणि एली याजकाला वाटले की ती द्राक्षारस पिऊन आली आहे. एका स्त्रीवर, देवाच्या घरात, याजकाने घेतलेला हा संशय किती बोचणारा असेल! तिने काय केले? ती रडत बाहेर गेली नाही आणि एलीशी भांडलीही नाही. "नाही, स्वामी" असे म्हणून तिने आपण काय करत होतो हे थोडक्या शब्दांत सांगितले, आणि एलीने तिला आशीर्वाद देऊन पाठवले (1 शमुवेल 1:13-17). ज्याच्यापुढे बोलणे योग्य, त्याच्यापुढे एकदा, शांतपणे आणि पूर्ण बोलावे. तुझ्या बाबतीत ते म्हणजे तुमचे पाळक आणि पंच. प्रत्येक ओसरीवर जाऊन खुलासा देत बसू नकोस, कारण अशा खुलाशांनी अफवा संपत नाही. तिला पुन्हा बोलण्याचे निमित्त मिळते.

प्रभूच्या नावाला कमीपणा येईल, असे जे सांगतात त्यांना आदराने पौलाचे उदाहरण दाखव. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी नेताना त्याने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणि सर्वत्र नावाजलेला एक बंधू दिला, आणि आणखी एक पारखलेला बंधू दिला. त्याचे कारणही त्याने लिहिले आहे: एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणाला दोष काढायला जागा राहू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने चांगले तेच माणसांच्या दृष्टीनेही चांगले दिसावे (2 करिंथ 8:18-22). पौलाला स्वतःची तपासणी अपमानाची वाटली नाही. मग आपल्या मंडळाला ती का वाटावी?

उत्तर : जमाखर्च पाहणारा, राजारामपुरी

ताई, मी व्यवसायाने हिशेब तपासण्याचे काम करतो आणि माझ्या मंडळीच्या वह्याही पाहतो. आपण सही रोखली ते योग्यच केले. परंतु नीतिसूत्रे 18:17 ही आपल्यालाही लागू आहे: पहिल्याचे म्हणणे खरे वाटते, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत.

कापणीच्या सणाच्या लिलावात एक गोष्ट नेहमी घडते. कोंबडा, भोपळा, तांदळाची पाटी किंवा केक यांवर बोली लागते, बोली संपताच पावती फाडली जाते, आणि घेणारा म्हणतो, "पगार झाल्यावर देतो." पावती त्या दिवसाची, पैसे पुढच्या महिन्याचे, आणि काही पैसे कधीच न येणारे. येणे रकमेची यादी कोणी ठेवली नसेल, तर स्थळप्रतींची बेरीज आणि बँकेतील भरणा यांत फरक दिसणारच, आणि त्यात कोणाच्या हाताला काहीही लागलेले नसेल. त्या बाईंनी विषय टाळला तो गुन्हा लपवण्यासाठी असेल असे गृहीत धरू नका. आपल्याला नीट मांडता आले नाही याची लाज हेही कारण असू शकते. स्थळप्रतींवरील नावे घेऊन ज्यांनी बोली लावली त्यांनाच विचारा की त्यांनी पैसे केव्हा आणि कोणाजवळ दिले. हे काम एकटीने करू नका. पंचांपैकी एक आणि मंडळाची चिटणीस अशा दोघांना बरोबर घ्या. योवाश राजाच्या काळी मंदिरातील पेटीतला पैसाही राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून मोजत (2 राजे 12:10).

मंडळी ज्या न्यासाखाली नोंदलेली असेल, त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. कलम 32 प्रमाणे हिशेब ठेवणे आणि कलम 33 प्रमाणे तो तपासून घेणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. महिला मंडळाचे खाते त्याच न्यासाच्या नावाने असेल, तर तेही या तपासणीत यायला हवे. म्हणून "बाहेर जाईल" या भीतीला फारसा आधार नाही. हिशेब दरवर्षी तपासणीसासमोर जाणे हे कायद्याने ठरलेलेच आहे. बंधूने बंधूवर फिर्याद करू नये, असे 1 करिंथ 6 मध्ये जे सांगितले आहे, त्याचा येथे संबंध लावला जाईल. परंतु तेथे आपसांतील तंट्यांविषयी बोलले आहे. कायद्याने मागितलेला हिशेब देणे हा तंटा नव्हे.

उत्तर : पाळकाची पत्नी, कोल्हापूर जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तरी एक वेगळी बाजू मांडते, ती बहिणीच्या नात्याने ऐकावी. दुचाकीवरून येण्यात आपला काही दोष नाही. तरीसुद्धा, जोवर हिशेबाचा प्रश्न मिटत नाही तोवर, शक्य असल्यास भावाने नेण्यास यावे किंवा त्याच मार्गाच्या इतर महिलांबरोबर रिक्षा ठरवावी, असे मी सुचवीन. बोलणाऱ्यांना शरण जाण्यासाठी मी हे सांगत नाही. आपल्या हातातला खरा विषय दुसऱ्या विषयाखाली दडपला जाऊ नये म्हणून सांगते. ज्यांना हिशेब नको आहे, त्यांना ही दुचाकी फार उपयोगी पडत आहे.

आणि हे ओझे केवळ स्त्रीनेच उचलावे असेही शास्त्र सांगत नाही. रूथ सद्गुणी आहे हे सगळ्या नगराला ठाऊक आहे, असे शेतमालक बवाज म्हणाला, आणि तरीही रात्री आपल्या खळ्यात स्त्री आली होती हे कोणाला कळू नये याची काळजी त्याने स्वतः घेतली (रूथ 3:11-14). आपल्या मंडळीतील पुरुषांनी, विशेषतः पंचांनी, अशी काळजी घ्यायला हवी. एखाद्या भगिनीविषयी आपल्यासमोर वावगे बोलले जात असेल, तर "आपण हे तिला विचारले आहे का?" एवढा प्रश्न त्यांनी केला, तरी पुष्कळ बोलणी तेथेच थांबतील. लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नये ही आज्ञा लेवीय 19:16 मध्ये आहे, आणि उपदेशात ती क्वचितच ऐकू येते. मी माझ्या यजमानांनाही हे सांगितले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. येणे रकमेची शक्यता माझ्या लक्षात आली नव्हती. कारखान्यात असा व्यवहार होत नाही. काल पाळकांना भेटून सर्व सांगितले, दुचाकीचेही सांगितले. त्यांनी एक पंच आणि चिटणीसबाई यांना माझ्याबरोबर बसायला सांगितले आहे. भाऊ न्यायला येण्यास तयार आहे. पण मन अजून दुखते. ज्या स्त्रियांबरोबर मी दर आठवड्याला प्रार्थना करते, त्यांच्यातल्याच काहींनी हे पसरवले आहे. त्यांच्यासमोर बसून गीत म्हणताना माझा आवाज निघत नाही. आणि एक विचारायचे आहे: बदनामीची तक्रार करावी, असे भाऊ म्हणतो. ते योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

भावाचा राग प्रेमापोटी आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र असल्याने फिर्याद दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात करावी लागते आणि त्यात वर्षे जाऊ शकतात. कोणी लेखी किंवा भ्रमणध्वनीवरच्या संदेशात गलिच्छ आरोप केले, तर ते जपून ठेव आणि वकिलाचा सल्ला घे. तो मार्ग बंद करू नकोस. आत्ता मात्र, जिने बोलणे पसरवले असे तुला खात्रीने ठाऊक आहे, तिच्याकडे मत्तय 18:15 प्रमाणे एकटी जा. ऐकले नाही तर चिटणीसबाईंना बरोबर घेऊन जा.

पंडिता रमाबाईंचा 1893 चा काळ तुला ठाऊक असावा. त्यांनी विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, असे पुण्यात बोलले जाऊ लागले, वृत्तपत्रांतून टीका झाली, सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबाबत तटस्थतेचा भरवसा ठेवून मुली पाठवणाऱ्या पालकांचा आक्षेप अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण रमाबाईंनी आपली प्रार्थना लपवली नाही, आणि बॉस्टनच्या ज्या संस्थेच्या पैशावर सदन चाले, तिच्यापुढे त्यांचे काम उघडे होते. त्या पुण्यातच राहिल्या, काम करत राहिल्या, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली आणि विधवांना त्यांनीच आसरा दिला. त्यांच्याविषयी पुण्यात जे बोलले गेले, ते त्यांनी घरोघरी जाऊन खोडून काढले नाही.

गीताचे म्हणशील तर, आवाज निघत नसेल तेव्हा नुसती उभी राहा. मीही काही काळ तशी उभी राहिले आहे. स्तोत्र 55:12-14 मध्ये दाविदाने बरोबर मंदिरात जाणाऱ्या मित्राविषयी जे लिहिले आहे, ते त्या दिवसांत रोज वाचत असे. चिटणीसबाईंबरोबर कोणत्या दिवशी बसणार ते कळव, म्हणजे त्या वेळी मी इथे प्रार्थना करीन.

उत्तर : जमाखर्च पाहणारा, राजारामपुरी

ताई, बसण्यापूर्वी तीन कागद हाती ठेवा: स्थळप्रतींची तारीखवार यादी, त्याच काळातील बँकेचे विवरण, आणि बोली लावणाऱ्यांची नावे. आधीच्या खजिनदारबाईंना त्या बैठकीचे लेखी निमंत्रण द्या आणि त्यांना बोलायला पहिली संधी द्या. जी रक्कम येणे निघेल ती त्या व्यक्तीच्या नावे मांडा. जिचा खुलासा होणार नाही ती "खुलासा नाही" अशाच नोंदीने ठेवा, आणि त्या नोंदीखाली तिघांच्या सह्या घ्या. मागची शिल्लक अशी मांडल्यावर आपण खजिनदार म्हणून वहीवर सही करायला हरकत नाही. यंदाच्या सणाला पावती पैसे हाती आल्यावरच फाडावी, आणि उधार बोलीसाठी वेगळी वही ठेवावी, हा ठराव त्याच दिवशी करून घ्या.