वेलबीइंग: कल्याण, स्वास्थ्य की आराम?

खानापूरहून प्रश्न:
चेहरे दाखवून घ्यायच्या मानसशास्त्राच्या एका चाचणीचं मराठी करतेय. 'वेलबीइंग'ला 'कल्याण' लिहिलं, तर आईनं विचारलं, "कसली स्कीम आलीय?" दुसरं म्हणजे, 'इमोशन परसेप्शन'ला 'भावना ओळखणे' चालेल का?

शहापूर, बेळगावहून:
ताई, आईंचं बरोबर आहे. 'कल्याण' आपल्याकडं समाज कल्याण इलाखेच्या (सरकारी खात्याच्या) बोर्डावर गेलं. ते दुसऱ्यानं करायचं असतं. 'स्वास्थ्य' हिंदीत आरोग्याला वापरतात, पण मराठीत कुणी 'अस्वस्थ' म्हटलं की ताप नाही, मन आठवतं. लेखी मराठीत 'मनःस्वास्थ्य' ठेवा.

बोलीत खरा शब्द 'आराम'. पुण्याकडं आराम म्हणजे आडवं होणं. इथं कन्नडवाले 'आराम अदीरि?' विचारतात, आणि आपणही 'आराम हाय न्हवं?' म्हणतो. तब्येत, घर, पोरंबाळं, सगळं त्यात येतं. पण उत्तर ठरलेलं: 'हां, आराम.' प्रश्नावलीचंही तसंच. वेलबीइंग मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल ५ विधानं देते, त्यांचे २५ पैकी गुण ४ नं गुणून १०० वर नेते. आकडा नेटका येतो, पण माणूस स्वतःबद्दल सांगेल तेच मोजलं जातं.

तुमची चाचणी वेगळी वाट धरते. आनंदी आणि दुःखी चेहरा संगणकावर थोडाथोडा मिसळून दाखवायचा, आणि माणूस कुठल्या टप्प्यावर 'दुःखी' म्हणायला लागतो ते नोंदवायचं. नैराश्यात संदिग्ध चेहरे दुःखी दिसण्याकडं कल असतो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ना, तसंच. म्हणून 'भावना' नको, 'भाव' घ्या. भावना मनात असते, भाव चेहऱ्यावर दिसतो. प्रश्न असा लिहा: 'या चेहऱ्यावर तुम्हाला कुठला भाव दिसतो?' यातलं 'तुम्हाला' काढू नका, मोजायचं तेच आहे.

निपाणीहून:
या चेहऱ्यांच्या चाचणीला 'वस्तुनिष्ठ' म्हणावंसं वाटेल, पण जपून. माणूस लपवत नाही एवढंच. चेहरा वाचण्याची सवय मुलखागणिक बदलते, त्यामुळं परक्या चेहऱ्यांवर काढलेला आकडा इथं तसाच लावू नये.

बाकी शहापूरकरांचं पटलं. बाबा गेले त्या वर्षी आई माझ्या लग्नाचे फोटो काढून बसायची आणि म्हणायची, "सगळी तोंडं उतरवून उभी हाईत बघ." फोटोत तर सगळे साधेच उभे होते. शेजारणीनं विचारलं की मात्र, "आराम हाय." ताई, पर्यायांत 'दुःखी'च्या जोडीला 'उतरलेला' पण घाला. आईच्या वयाच्या बायका 'दुःखी' म्हणत नाहीत.