मदत हवी आहे : सरांच्या जुन्या यशाच्या गोष्टींमुळे मीटिंगमध्ये पोरं गप्प बसायला लागलीत

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तो कारखाना) क्वालिटीला आहे. आमचे प्लांट हेड, आम्ही सगळे सरच म्हणतो, माणूस एकदम सच्चा आणि कामातला बाप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, पंचगंगेच्या पाण्याने हायवे बंद, तेव्हा पाणी उतरल्यावर याच माणसाने फर्नेस परत सुरू करून कस्टमरची लाईन थांबू दिली नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना मान्य आहे आणि त्याचा अभिमानपण आहे.

पण आता रोज सकाळच्या मीटिंगला तेच. कस्टमरची कंप्लेंट असू दे नाहीतर पोरं सोडून चाललीत हा विषय असू दे, गाडी फिरून महापुरावर नाहीतर त्यांच्या हँड मोल्डिंगच्या, म्हणजे हातानं वाळूचे साचे करायच्या दिवसांवर येते.

परवाचंच सांगतो. सँड इन्क्लुजनचं, म्हणजे कास्टिंगमध्ये वाळू अडकल्याचं रिजेक्शन वाढलंय म्हणून आमचा एक ट्रेनी चार्ट घेऊन उभा राहिला, म्हणाला सर रिटर्न सँड (वापरून परत आलेली वाळू) गरम येतीय, मिक्सरला मॉइश्चर बरोबर दिसतंय पण मोल्डिंगला जाईपर्यंत वरनं वाळू सुकतीय, साच्याच्या कडा ढासळतात. सरांनी पुढं ऐकलंच नाही. मूठभर वाळू मागवली, दाबली, मोडून दाखवली आणि म्हणाले आम्ही असल्या मुठीवर वीस वर्षं कास्टिंग काढलंय. खोटं नाहीये ते, पण तेव्हा मोल्ड हातानं व्हायचे, वाळूला गार व्हायला वेळ मिळायचा. आता मशीनच्या हाय प्रेशर लाईनवर तीच वाळू फिरून लगेच परत येते. मूठ गरम वाळूचं टेंपरेचर सांगते का? पोरानं चार्ट घडी घालून खिशात ठेवला. तेव्हापासून मीटिंगमध्ये तो तोंड उघडत नाही, आणि त्याचं बघून बाकीचे पण.

मला सरांना खाली दाखवायचं नाहीये. मालकांकडे जायचं पण नाही, पाठीमागून बोलल्यासारखं होईल. त्यांच्या अनुभवाचा मान राहून आजचा प्रॉब्लेम आजचा म्हणून ऐकून घ्यावा एवढंच पायजे. कुणी असं हाताळलंय का?

प्रतिसाद १ :
दादा, मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपला आहे, आमच्याकडे पण सेम होतं. गोष्ट थांबवायला जाऊ नका, त्यात प्रश्न विचारा. "सर तेव्हा तासाला किती मोल्ड निघायचे? वाळू परत वापरायला किती वेळानं यायची?" असं विचारलं की ते स्वतःच तेव्हाचं आणि आत्ताचं शेजारी मांडतात. आणि हे चारचौघांत नको, राउंडला असताना मिक्सरजवळ विचारा, हातात थर्मामीटर असू दे.

धागाकर्ता :
धन्यवाद भाऊ, हे पटलं. उद्या फर्स्ट शिफ्टला राउंडमध्ये करून बघतो, त्या पोरालाच सोबत घेतो म्हणजे रीडिंग तोच सांगेल. सर एकटे असले की ऐकतात हा माझा पण अनुभव आहे. पण मीटिंगचं काय करायचं? तिथं सर पहिले बोलले की विषय संपतोच. आधी शिफ्टवाल्यांनी आकडे सांगायचे आणि सरांनी शेवटी बोलायचं असा क्रम कुणी लावलाय का, आणि तो वरच्या माणसाला कुठल्या शब्दात सुचवला?