नागपुरात मेम्सवर संशोधन कशासाठी?

महालकर: मेम्स म्हणजे चिपसारखी सिलिकॉनवर कोरलेली अतिसूक्ष्म हलती यंत्रं. काल इथं त्यावर एकानं लिहिलं, "ज्या शहरात चिप बनवायची सोय नाही, तिथं मेम्सवर पीएचडी म्हणजे कॉम्प्युटरवरची रंगीत चित्रं. कंपनातून वीज काढणारं ते हार्वेस्टर एक बल्बही पेटवत नाही." वाचून डोकं तापलं. भाऊ, बल्ब पेटवायचं बोललं कोण? त्यातून मायक्रोवॅट मिळतात. अधूनमधून जागं होऊन तापमान कळवणाऱ्या सेन्सरला तेवढे पुरतात. राहिली चिप, तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएस्सी इन्युप या केंद्र सरकारच्या योजनेत बाहेरच्या कॉलेजांच्या पोरांना आपली लॅब वापरू देतात. अर्ज करावा लागतो, एवढंच.

कोराडीवाले काका: पुरतात म्हणे! माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्रात गेली. चार पोलची मोटर मिनिटाला १५०० च्या जरा खाली फिरते, म्हणजे २५ हर्ट्झच्या आत-बाहेर. हार्वेस्टरमधली सिलिकॉनची ती इवलीशी पट्टी डोलते शेकडो हर्ट्झवर, आणि दोन्ही जुळले तरच धड वीज मिळते. खाली आणायला टोकाला वजन लावा, की पट्टी मोडायची भीती. त्यात लोड बदलला की मोटरचा वेग सरकतो, पट्टीचा मेळ सुटतो आणि वीज गेली. त्यापेक्षा सेन्सरची बॅटरी बदलायला माणूस पाठवलेला परवडतो.

महालकर: काका, स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचं, १०० हर्ट्झचं कंपन विसरलात. ते सप्लायच्या ५० हर्ट्झच्या दुपटीचं, लोडनं जागचं हलत नाही.

कोराडीवाले काका: १०० चं मान्य. पण धड मोटरीत ते फार बारीक असतं. जोरात यायला लागलं, तर मोटर दुरुस्तीलाच काढतो आम्ही.

फिजिक्सवाली मॅडम: मेम्सची एवढी तारीफ चालली आहे, तर आमच्या वर्गात येऊन पाहा. प्रोजेक्टरवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलाय. आलेखातला बिंदू कोणता नि ठिपका कोणता, पोरांना कळत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, आरशांची चिपच बदला. तेवढ्यात नवा प्रोजेक्टर येईल.

महालकर: मॅडम, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकनं १९८७ मध्ये ती चिप बनवली, तीही मेम्सच. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमागे एक आरसा, सेकंदाला हजारो वेळा कलणारा. उष्णतेनं तो अडकून बसतो. मे महिन्यात वर्ग ४५ अंशांवर, फिल्टर धुळीनं बुजलेला, त्यात आरशाचा काय दोष?

फिजिक्सवाली मॅडम: फिल्टर मी स्वतः झटकते! शिपायाची जागा रिकामी, एसीची फाइल अडकलेली, कूलरला पाणी नाही. पोरं घामानं निथळून राहिली आणि तुम्ही मला आरशांची बाजू सांगता?

सीताबर्डीकर: आमच्या कॉलेजात तर कूलर फक्त तपासणीच्या दिवशी लागतो.

महालकर: मॅडम, तुमचा राग रास्त आहे. पण नागपूरचं काम नेमकं इथंच आहे. हे ऊन, ही धूळ कोणत्याही स्वच्छ लॅबमध्ये नाही. पॅकेजिंग किती टिकतं, सेन्सरची शून्य पातळी तापल्यावर कुठं सरकते, सेन्सरच्या मागचं सर्किट किती वीज खातं, हे इथं तपासता येतं. त्याला फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, लागत नाही.

कोराडीवाले काका: हे पटलं, नाइलाजानं का होईना. फक्त शेकरवर, म्हणजे लॅबमधल्या कंपन देणाऱ्या यंत्रावर, बसवून हवी ती फ्रिक्वेन्सी देऊन काढलेला आलेख मला दाखवू नका. चालत्या पंख्याच्या बेअरिंगवर बसवा, अख्खा उन्हाळा राहू द्या आणि रोजचे आकडे इथं टाका. बंद पडलेले दिवससुद्धा.