मदत हवी आहे: घरच्या नॅसमध्ये आधी काय बदलू? रॅम, एसएसडी, डिस्क की अख्खा डबाच?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सिनॉलॉजीचा डीएस२२०प्लस नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डिस्कचा डबा) आहे, २०२१ मध्ये घेतलेला. ४-४ टीबीच्या दोन डिस्क एसएचआरमध्ये लावल्यात, म्हणजे एकीवर जे आहे तेच दुसरीवर, वापरायला मिळतात ३.६ टीबी आणि त्यातले ३.१ भरलेत. ह्या वर्षी २० हजार बाजूला काढलेत, घरात ठरलंय की ते नॅसवरच घालायचे, पण नेमके कशावर ते कळेना, चार जणांना विचारलं तर चार वेगळी उत्तरं आली म्हणून इथे विचारतोय.

आधी त्यावर आहे काय ते सांगतो कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. बायको कथकचे क्लास घेते, मुलींच्या कार्यक्रमांचे फोर-के व्हिडिओ असतात, एका कार्यक्रमाचे सहज ९० जीबी होतात. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो तिथेच जातात. आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटची. १४० कॅसेट आहेत, गेली दोन वर्षं रात्री बसून एकेक संगणकावर घेतोय, अजून ५०-५५ राहिल्यात. डब्यांवर वडिलांच्या अक्षरात तारीख नाही, तिथी आणि गाव लिहिलंय, "कार्तिक वद्य एकादशी, आळंदी" असं, काहींवर पेटीला कोण आणि पखवाजाला कोण तेही. त्यातले बरेच जण आता नाहीत. काही कॅसेटची फीत इतकी जुनी झालीय की एकदा वाजली, पुन्हा वाजेल ह्याची खात्री नाही, त्यामुळे त्या फाइली गेल्या तर गेल्याच.

आता अडचणी. एक म्हणजे कॉपी भयंकर हळू होते. पीसीवरून नॅसवर टाकताना ११.२ एमबी पर सेकंदवर काटा जाऊन बसतो तो तिथेच, ९० जीबी जायला सव्वादोन तास लागतात. दुसरं, फोटोंमध्ये चेहरे ओळखण्याचं काम चालू असलं की सगळंच जड होतं, रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसते (रॅम मूळचीच २ जीबी आहे). तिसरं, दोन नंबरच्या डिस्कला बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले भाग) दाखवतंय, दोन महिन्यांपूर्वी ८ होते, आता २४ आहेत. आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, मागच्या वर्षी असंच अचानक बंद पडलं आणि चालू केल्यावर डिस्क तपासत तासन् तास बसलं होतं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑफिसमधला मित्र म्हणतो एसएसडी कॅश (नेहमी लागणाऱ्या फाइली वेगळ्या वेगवान एसएसडीवर ठेवायची सोय) टाक, रॉकेट होईल. दुसरा म्हणतो २.५ गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर लाव. तिसरा म्हणतो विकून टाक आणि नवीन घे. माझं मन रॅम आणि ८ टीबीच्या दोन डिस्ककडे आहे पण दोन डिस्क बजेटमध्ये बसत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगा, आधी काय करू?

प्रतिसाद १ (तारायंत्र)

दादा, एक रुपयाही खर्च करायच्या आधी एक गोष्ट बघा. ११.२ हा आकडा नॅसचा नाही, वायरचा आहे. १०० मेगाबिटच्या लाईनवरून जास्तीत जास्त ११-१२ एमबीच जातात, आणि डीएस२२०प्लसला दोन्ही पोर्ट गिगाबिटचे आहेत म्हणजे तुम्हाला ११० च्या आसपास मिळायला हवेत. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क इंटरफेस उघडून बघा, तिथे १००० लिहिलंय का १००. १०० असेल तर राऊटर, स्विच, केबल ह्यातलं काहीतरी अडवतंय, आणि माझा अंदाज केबलच, कारण १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पीसीकडची पण केबल बघा. हे नीट होईपर्यंत रॅम टाका, एसएसडी टाका, नवीन डबा आणा, कॉपी ११.२ नेच होणार.

एसएसडी कॅशचं म्हणाल तर तुमच्या मॉडेलला एम डॉट टूचा (छोटी एसएसडी बसवायचा) स्लॉटच नाही, तो ९२०प्लसला आहे. आणि असता तरी तुमच्या कामाला फारसा उपयोग नव्हता, कॅशचा फायदा लहान लहान फाइली पुन्हा पुन्हा वाचल्या जातात तिथे होतो, ९० जीबीचा व्हिडिओ सलग जातो तिथे डिस्क स्वतःच पुरेशी वेगवान असते. २.५ चा यूएसबी अडॅप्टर डीएस२२०प्लसवर अनधिकृत ड्रायव्हर टाकून चालतो खरा, पण डीएसएमचा (नॅसच्या सिस्टिमचा) मोठा अपडेट आला की पुन्हा खटपट. वडिलांचं रेकॉर्डिंग असलेल्या मशीनवर मी असले प्रयोग करणार नाही.

प्रतिसाद २ (पाऊलवाट)

मला वेगाची चिंता नाही वाटत तुमची, त्या २४ बॅड सेक्टरची वाटते. सेक्टर खराब होऊन एका जागी थांबले असते तर वाट बघा म्हटलं असतं, पण ८ चे २४ होतायत म्हणजे डिस्क जायच्या मार्गावर आहे. पण काढायच्या आधी, आणि हे आजच करा, एक बाहेरची यूएसबी डिस्क आणून नॅसमधल्या हायपर बॅकअप ॲपने कॅसेट आणि फोटो त्यावर घ्या. एक डिस्क काढली की दुसरी नवीन डिस्कवर उतरेपर्यंत एकटीच असते आणि तिचंही वय तेवढंच झालंय. दोन डिस्कवर एकच गोष्ट असणं म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून उडतं. ती बाहेरची डिस्क नंतर भावाकडे वगैरे ठेवा, त्याच घरात नको.

नवीन डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) आहे ना हे मॉडेल नंबर टाकून बघा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनेच मान्य केलं होतं की त्यांच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) आहेत, त्यानंतर रेड प्लस असं वेगळं नाव आलं, ती सीएमआर. सीगेटची आयर्नवुल्फ पण सीएमआर. एसएमआर डिस्क नॅसमध्ये टाकली तर नव्याने सगळं उतरवून घ्यायला दिवसच्या दिवस जातात. बाहेरच्या बॅकअपला मात्र एसएमआर चालते, तिथे पैसे वाचवा. आणि ८ च्या दोन एकदम घ्यायलाच हव्यात असं काही नाही, आत्ता खराब डिस्कच्या जागी एक ८ ची टाका, जागा ३.६ च राहील पण पुढच्या वर्षी दुसरी ८ ची टाकलीत की आपोआप वाढवता येईल.

प्रतिसाद ३ (मेणबत्ती)

यूपीएसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून बरेच जण यूपीएस घेत नाहीत. पण इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली हे नॅसला कळत नाही, ते शेवटपर्यंत लिहीत राहतं आणि मग दिवा विझावा तसं विझतं. यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलला तो नसतो, दुकानात डबा फोडून मागची बाजू बघून घ्या. मग कंट्रोल पॅनेलमध्ये यूपीएस चालू केलं की लाईट गेल्यावर ठरलेल्या मिनिटांनी नॅस स्वतःच नीट बंद होतं. हे मशीन चालू असताना १५ वॅटच्या आसपास खातं, लहान यूपीएसही भरपूर झाला.

रॅम शेवटी. लॅपटॉपची डीडीआर४ची ४ जीबी पट्टी बसते, २ आणि ४ मिळून ६ ही कंपनीची अधिकृत मर्यादा. चेहरे ओळखण्याच्या वेळी नक्की फरक पडेल, कॉपीच्या वेगात नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, काल संध्याकाळपासून ह्यातच आहे. तारायंत्र, तुम्ही म्हणालात तेच, १०० लिहिलं होतं. वरच्या मजल्यावर येणाऱ्या केबलचा प्लग टॉर्च मारून बघितला तर आत फक्त केशरी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा, निळी आणि तपकिरी जोडी मागे दुमडून कापून टाकलेली! ज्याने लाईन ओढली त्याने दोन्ही टोकांना तसंच केलं होतं आणि आम्ही चार वर्षं त्यावर चालवलं. सकाळी माणूस बोलावून दोन्ही टोकांना नवे प्लग लावून घेतले. आत्ता तोच ९० जीबीचा कार्यक्रम टाकून बघितला, १०९-११० ने गेला, चौदा मिनिटं. बायकोला बोलावून दाखवलं.

यूएसबी डिस्क घेतली, कॅसेटचं सगळं फोल्डर त्यावर उतरलं, मध्येच चार-पाच फाइली उघडून ऐकून बघितल्या, ठीक आहेत. यूपीएस सांगितलाय, परवा येईल. डिस्क ८ टीबीची सीएमआर एकच घेतली, दुपारी बदलली, आता दुरुस्ती (नव्या डिस्कवर सगळं उतरवणं) ३८ टक्क्यांवर आहे. पैसे उरले तर रॅम, नाहीतर दिवाळीनंतर.

एक शेवटचं विचारतो, हे चालू असताना आज रात्री नेहमीसारखी एक कॅसेट घेऊन नॅसवर टाकली तर चालेल का?

प्रतिसाद ४ (पाऊलवाट)

चालतं, पण दुरुस्ती लांबते आणि यूपीएस अजून यायचाय. आज कॅसेट पीसीवरच घेऊन ठेवा, १०० टक्के झालं की टाका. आणि जुनी काढलेली डिस्क तोवर पुसू नका, जपून ठेवा.