जुना डिझेल ट्रॅक्टर घेताना तुम्ही काय पाहिलंत? अनुभव सांगा

मृगधारा
काल रस्त्यावरून एक जुना मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टर गेला आणि मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिले. तीन सिलिंडरचा तो ठोका लांबूनही ओळखू येतो. वडिलांनी पॉवर टिलर देऊन पहिला ट्रॅक्टर आणला तो हाच. तेव्हाच वीस वर्षांचा जुना होता, आई म्हणाली भंगार आणलंत. पण टिलरमागे चालून चालून वडिलांचे गुडघे गेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी लिव्हर ओढून नांगर वर घेतला, खाली सोडला, परत वर घेतला, असं चार-पाच वेळा. अजून शेतात गेलेही नव्हते.

आता भाऊ आणि मी तसाच एक बघतोय. टिलर पुरेनासा झालाय, नवा घेण्याची ऐपत नाही. परवा सकाळी पाहायला जायचंय, वडीलही येणार आहेत. पन्नासेक वर्षांचं यंत्र, मनात धाकधूक आहे. तुम्ही काय तपासलंत, काय राहून गेलं, सगळं लिहा.

बांधकरी
थंड इंजिन!! आधीच फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर परत या, दुसऱ्या दिवशी जा.
मी नाही लावला. मस्त चालू झाला, आवाज एकसारखा, घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास स्टार्टर मारला तरी ढिम्म. नंतर कळलं, आधीचा मालक रोज एअर क्लीनरमध्ये ईथरचा स्प्रे मारून चालू करायचा. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचे लायनर सगळं संपलेलं, काॅम्प्रेशनच नव्हतं. आणि हिटर असलेल्या इंजिनात तो स्प्रे कधीही मारू नका, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच भडका होतो.

पाऊलवाट_७
थंड इंजिनला +१. धूरही बघा. चालू होताना थोडा पांढरा चालतो, गरम झाल्यावर गेला पाहिजे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा लोडवर थोडा येतोच. आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीपाशी हात धरा, तिथून भकाभका वारा येत असेल तर इंजिन दुरुस्तीला आलंय समजा.

दोन_एकर
सगळे इंजिन इंजिन करतात. मी क्लचवर फसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुना छोटा ट्रॅक्टर देऊन मोठा घेतला, एचपी जवळजवळ दीडपट. इंजिन खरंच चांगलं होतं. पण क्लच एकेरी. म्हणजे क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट. रोटाव्हेटर घालून वळणावर जरा थांबायचं म्हटलं की रोटाव्हेटर बंद, परत सोडला की मातीत अडकलेला एकदम झटक्याने चालू. काही ट्रॅक्टरमध्ये अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंपही त्याच शाफ्टवर असतो, मग क्लच दाबला की लिफ्टही आहे तिथेच थांबते.

सगळ्यात वाईट अनुभव स्लॅशरचा. गवत कापायचं जड पातं फिरत असतं, ते क्लच दाबल्यावर उलट गिअरबॉक्सलाच ढकलतं. मी क्लच पूर्ण दाबलेला, पाय ब्रेकवर, आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे चाललेला. पलीकडे बायको उभी होती. ती बाजूला झाली म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. पीटीओ शाफ्टवर ओव्हररन कपलर बसवलं की पातं मोकळं फिरतं आणि ढकलणं थांबतं. मी दुसऱ्याच दिवशी आणलं.

तपासायला सोपं आहे. पीटीओ चालू करा, गिअर टाका, हळू चालवत क्लच अर्धा दाबा. चाकं थांबली आणि पीटीओ फिरत राहिला तर डबल क्लच. नावावर जाऊ नका, १३५ मध्येही एकेरी आणि डबल दोन्ही निघाले होते. आणि हे ट्रॅक्टर बिनचासीचे, इंजिन-गिअरबॉक्स हाच सांगाडा. क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडवावा लागतो.

माझ्या मते कमी एचपीचा डबल क्लच केव्हाही घ्यावा.

मृगधारा
बाप रे दादा. वहिनी ठीक आहेत हे वाचेपर्यंत जीव टांगणीला. आम्हाला रोटाव्हेटरच चालवायचाय, त्यामुळे हे आधी तपासते.

सायलीची_आई
हा ठोका म्हणजे आमचं लहानपण!! सायलेन्सर समोर उभा, वर डबा पालथा घातलेला, चालू केला की तो उडायचा. भावंडांत पैज लागायची कुठे पडतो.

ओलावा
@सायलीची_आई तोच सायलेन्सर माझ्या वडिलांच्या कानाशी तीस वर्षं होता. उजव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही. मूळ विषय नाही पण लिहावंसं वाटलं. कानावर मफ लावा सगळ्यांनी.

सायलीची_आई
ओलावाताई, माझे बाबाही टीव्ही फार मोठ्याने लावतात. कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज भावाला फोन करते.

नांगरट
इंजिन थंड बघा, हायड्रॉलिक गरम बघा. थंड जाड तेलात दमलेला पंपही लिफ्ट उचलतो. अर्धा-पाऊण तास चालवून मग जड अवजार लावा. लिफ्ट थरथरत वर जाते का, मध्येच खाली बसते का पाहा.
मॅसी ३५, १३५ मध्ये हायड्रॉलिकचं आणि गिअरचं तेल एकच, पंप त्यातच बुडालेला. डिपस्टिक काढून तेल बघा. दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये हमखास.

पाऊलवाट_७
तास दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास नको. केबलवर चालतो, केबल तुटली की वर्षानुवर्षं तेवढेच तास. पेडलचं रबर, ड्रॉबारची (मागची ओढायची पट्टी) झिजलेली भोकं, खालच्या लिंकचे (अवजार जोडायच्या दांड्या) बॉल बघा, ते खोटं बोलत नाहीत.

डोंगरउतार
मागच्या रिममध्ये व्हॉल्व्हजवळ गंज बघा. वजनासाठी ट्यूबमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असतं, गळलं की रिम आतून खाऊन टाकतं. मागचे टायर आणि रिम बदलायची वेळ आली तर स्वस्तात मिळालेला ट्रॅक्टर स्वस्त राहत नाही.

शिवार_वाचक
१३५ घेताय तर एक समाधान आहे. त्यात पर्किन्स कंपनीचं ३.१५२ इंजिन, तीन सिलिंडर आणि १५२ घन इंच, म्हणजे साधारण अडीच लिटर. १३५ चं उत्पादन १९६४ ला सुरू झालं, तरी पिस्टन, लायनर, नोझल आजही नवे मिळतात, कारण हे इंजिन किती यंत्रांत बसवलं गेलं त्याला गणती नाही. दुर्मीळ ट्रॅक्टर दिसायला कितीही देखणा असो, एका गिअरसाठी हंगाम जातो. माझा गेलाय.

कडुनिंब
फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या. जुन्याला रोलबार, म्हणजे उलटला तर चालकाला वाचवणारी कमान, नसतो. माझ्या काकांनी झाडाचं खोड ओढायला साखळी टॉप लिंकच्या (अवजार जोडायची वरची दांडी) जागी बांधली. खोड हललं नाही, पुढची चाकं उचलली आणि ट्रॅक्टर मागे उलटला. काका गेले. साखळी कायम खाली ड्रॉबारलाच. ट्रॅक्टर घेतल्यावर रंग नंतर द्या, रोलबार आणि पट्टा आधी बसवा. रोलबार नसताना मात्र पट्टा बांधू नका.

दोन_एकर
कडुनिंबताई, फार वाईट वाटलं. आमच्याकडे अजून नाहीये. या महिन्यात बसवतो, शब्द.

नांगरट
🙏

चिखलणी
सीट कुणी बदललीये का? पत्र्याच्या सीटने कंबर गेली माझी

डोंगरउतार
@चिखलणी हो, स्प्रिंगवाली बसवली. पण उंची वाढते, क्लचला पाय पुरतो का ते बसून बघा आधी.

मृगधारा
जाऊन आलो. ब्लॉक थंडगार होता. दुसऱ्या फेरीला चालू झाला, पांढरा धूर दोन मिनिटांत गेला. क्लच अर्धा दाबला, पीटीओ फिरत राहिला! ब्रीदर शांत. लिफ्ट अर्ध्या तासानंतरही व्यवस्थित. वडिलांनी लिव्हर ओढून वर-खाली केली, किती वेळा ते मोजलं नाही.
पण इंजिन ऑइल डिपस्टिकच्या खुणेच्या वर आहे, पातळ, आणि डिझेलचा वास येतो. भाऊ म्हणतो घेऊन टाकू. मी अडकलेय.

बांधकरी
ताई, अडकलात ते बरं झालं. डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा) फाटला असेल तर किरकोळ काम आहे. इंजेक्शन पंपाचं सील असेल तर पंप उतरवावा लागेल. त्या ऑइलवर जास्त चालवू नका म्हणावं, बेअरिंग जातील. मालकाला डायाफ्राम आणि ऑइल बदलायला सांगा, दोन-तीन तास चालवून परत खूण बघा. वाढली नाही तर घ्या.

मृगधारा
मालक तयार आहेत, रविवारी समोरच बदलणार.

नांगरट
मग ऑइल काढताना खालचं बूच आधी थोडंसंच ढिलं करा. रात्रभर उभा असेल तर पाणी तळाला बसतं, असलं तर ते आधी थेंब थेंब येईल. काचेच्या बरणीत धरा.